मे महिन्यात समुद्र हवाय? मग बाली, मॉरिशस की मालदीव?

नागपुरात परदेशातल्या समुद्राचा विषय निघतो तो एप्रिलमध्ये, पारा ४३ च्या वर गेला की. मुलांच्या सुट्ट्या मेमध्ये, त्यामुळे तिकिटंही मेचीच शोधली जातात. पण जाहिरातीत दिसणारा मालदीवचा निळा समुद्र डिसेंबर ते एप्रिलचा असतो. मेपासून तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे आणि सरी सुरू होतात. थायलंडमधल्या फुकेत-क्राबीकडेही तेच, किनाऱ्यावर लाल झेंडा असला की पाण्यात उतरायचं नाही. श्रीलंकेला मेमध्ये जायचंच तर बेंटोटा-मिरिसा सोडून पूर्वेचं त्रिंकोमाली गाठा.

म्हणजे मेसाठी खरी चुरस उरते बाली आणि मॉरिशसमध्ये.

बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हवा कोरडी असते आणि पाहायलाही भरपूर आहे: उबुदजवळची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, कड्यावरचं उलुवातूचं मंदिर. मुलं लहान असतील तर कुटाला मात्र राहू नका, तिथल्या लाटा सर्फिंगवाल्यांसाठी. सानूर आणि नुसा दुआला प्रवाळाची रांग लाटा बाहेरच अडवते. सानूरला ओहोटीत पाणी फार मागे जातं, म्हणून भरतीची वेळ आदल्या संध्याकाळीच हॉटेलात विचारून ठेवा. शाकाहारी असाल तर चटणीसुद्धा विचारूनच घ्या. सांबलमध्ये बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. व्हिसा पोहोचल्यावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत). वर पर्यटक शुल्क दीड लाख रुपिया, तेही माणशी. चौघांच्या कुटुंबाने हा खर्च आधीच धरावा.

आई-बाबा सोबत असतील तर माझं मत मॉरिशसला. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. बेटाच्या बहुतेक भागाला प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी उथळ आणि संथ. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही हात धरून त्यात उभं राहता येतं. खाण्याचा प्रश्नही सोपा. रस्त्यावर धोल पुरी मिळते, डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीसारखीच पण गोड नाही. मराठी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, याचं मला फार अप्रूप वाटतं. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपतो, म्हणून हॉटेल पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला किंवा वायव्येला त्रू-ओ-बिशला बघा. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र चक्रीवादळांचा काळ.

मालदीव दोघांसाठी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये. व्हिसा तिथे पोहोचल्यावर, फुकट. रिसॉर्टच्या दरावर कर आणि सेवा शुल्क वेगळं लागतं, बोट किंवा सीप्लेनचं भाडं अनेकदा आणखी वेगळं. सीप्लेन फक्त उजेडात उडतात. संध्याकाळी मालेला उतरलात तर रात्र तिथेच काढावी लागेल. स्वस्तात हवं असेल तर माफुशीसारख्या गावबेटांवर गेस्टहाउस आहेत, पण तिथे मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरलेल्या किनाऱ्यावरच वावरता येतं.

नागपूरहून यांपैकी कुठेही थेट विमान नाही. मुंबईपर्यंतचं आणि पुढचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये घ्या, थोडं महाग पडलं तरी. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही.