‘त्रिंकोमाली’ची प्रतिकृती : जहाज उत्तम, पेटी मात्र दुसरीकडून करून घ्यावी

माझे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात 32 वर्षे सुतारकाम करून निवृत्त झाले. याच गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरले, आणि आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी त्याची 1:96 प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी माझगावातील एका लहान कार्यशाळेकडून करून घेतली. सात महिने लागले. 68,000 रुपये खर्च आला.

मूळ जहाज मलबारच्या सागवानाचे आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा ओकची टंचाई होती. शिवाय ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, तर सागवानाच्या अंगचे तेल त्यांना सांभाळते. म्हणून प्रतिकृतीही सागवानाचीच हवी, असा माझा आग्रह होता. कारागिरांनी तो मानला नाही. त्यांनी सागवानाची एक पातळ पट्टी भिंगाखाली धरून दाखवली : तिच्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या जहाजाच्या मापात जवळजवळ पाच सेंटिमीटरची भेग ठरते. त्यामुळे फळ्यांना त्यांनी बारीक पोताचे, पिवळसर हळदू वापरले आणि सागवान केवळ तळाच्या कण्यापुरते ठेवले. मूळ जहाजाच्या कण्यात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता, असे सांगितले जाते. त्याची आठवण ठेवून कारागिरांनी आपणहून चांदीच्या तारेचा एक तुकडा कण्यात बसवला. तो आता दिसत नाही, पण बसवताना वडील तिथे होते आणि हातोडी त्यांच्याच हाती दिली गेली.

मी 1817 चे रूप मागितले होते. 1845 नंतर या जहाजाच्या तोफा कमी झाल्या आणि पिछाडीचा आकारही बदलला गेला. पहिल्या पाहणीत मुख्य डेकवर 18 पौंडी (18 पौंडाचा गोळा फेकणाऱ्या) 28 तोफांची रांग, म्हणजे जुनी मांडणी, बरोबर होती. पिछाडी मात्र नंतरच्या आकाराची होती. अशी सरमिसळ झालेले जहाज कोणत्याही वर्षी समुद्रावर नव्हते. चूक दाखवताच कारागिरांनी जुना नकाशा पुन्हा पाहिला, पिछाडी उकलली आणि ज्यादा पैसे न घेता पाच आठवड्यांत नव्याने बांधून दिली. या प्रामाणिकपणाचे मोल माझ्या लेखी मोठे आहे.

दोरकामही विचारपूर्वक केलेले आहे. सुती दोरा पावसाळ्यात ओल शोषून आखडतो, डोलकाठ्यांना ओढ देतो आणि हिवाळ्यात ढिला पडतो. म्हणून इथे मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा घेतला आहे. तीन डोलकाठ्या ऑगस्टमध्ये जशा सरळ होत्या, तशाच आजही आहेत.

तक्रार आहे ती काचपेटीबद्दल. कार्यशाळेने दिलेल्या पेटीचा तळ आणि पाठ प्लायवुडची होती, आणि धूळ शिरू नये म्हणून सर्व सांधे बंद केलेले होते. नवे प्लायवुड व त्यातील गोंद आम्लयुक्त वाफ सोडतात. बंद पेटीत ती साचते आणि शिसे खाते. चार महिन्यांत शिशाच्या तोफांवर आणि नांगरावर पिठासारखी पांढरी पूड आली. एका तोफेच्या तोंडाची कड तर नखाने निघू लागली. जहाज इतक्या जाणतेपणाने घडवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे होते. कळवल्यावर त्यांनी सर्व तोफा आणि नांगर पितळेचे करून दिले, परंतु पेटी बदलून देण्यास नकार दिला.

पेटी मी दुसरीकडून, ॲक्रिलिकची, पावडर कोटिंग केलेल्या धातूच्या तळाची आणि खाली जाळी लावलेली भोके ठेवून करून घेतली. तिला 9,000 रुपये पडले. या कार्यशाळेकडून जहाज जरूर करून घ्यावे, मात्र कोणत्या वर्षाचे रूप हवे ते आधीच लेखी द्यावे, तोफा पितळेच्या मागाव्यात आणि पेटीचे पैसे हिशेबातून वजा करून घ्यावेत.