चार दिवसांचा स्टॉल, पण भंगारात न जाणारा

पुण्याजवळच्या मोशीतील प्रदर्शनासाठी आम्ही यंदा प्लायवूडचा स्टॉल टाळला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर छापील कापड ताणून देणाऱ्या एका कंत्राटदाराकडे काम सोपवले. अष्टकोनी खांबाच्या आठही बाजूंना खाचा असल्याने आडव्या पट्ट्या ४५ अंशांच्या पटीत हव्या त्या दिशेला केवळ अ‍ॅलन की या षटकोनी टोकाच्या चावीने आवळता येतात. खिळा, फेव्हिकॉल किंवा रंगाचा डबा लागत नाही. कापडाच्या कडेला शिवलेली सिलिकॉनची पट्टी कारागीर चौकटीत अंगठ्याने दाबत गेला, तशी भिंत सुरकुतीशिवाय ताठ उभी राहिली. गेल्या वर्षी शेवटच्या संध्याकाळी सनमायका चिकटवलेले तक्ते हातोड्याने फोडून टेम्पोत भरताना पाहिले होते, ते दृश्य अजून मनातून जात नाही.

जर्मनीतील हॅनोव्हरच्या २०००च्या जागतिक प्रदर्शनात वास्तुरचनाकार पीटर झुम्टोर यांनी स्वित्झर्लंडचे दालन लाकडी तुळया एकमेकींवर रचून, पोलादी सळ्यांनी आणि स्प्रिंगांनी आवळून उभारले होते, म्हणूनच त्या तुळया पुढे विकता आल्या. सुटे करता येणे हाच अशा रचनेचा खरा कस आहे, आणि आमचा स्टॉल त्याला बऱ्याच अंशी उतरला.

तक्रारी दोन आहेत. ठरल्याप्रमाणे कापडी पाटी न देता प्लास्टिकच्या फ्लेक्सची दिली, आणि खालचा पातळ गालिचा दुहेरी टेपने इतका पक्का चिकटवला की काढताना फाटला. गालिच्याऐवजी जोडता येणाऱ्या फरशा मिळणार असतील, तर पुढचे काम त्यांनाच देईन.