व्हेनर्नचा लाकडी नकाशा: खोली आहे, नदी नाही

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे मुलीने स्वीडनमधील व्हेनर्न सरोवराचा थरांचा लाकडी नकाशा ऑनलाइन मागवून धरमपेठेतील घरी पाठवला. किंमत ३,४०० रुपये. प्लायवुडचे सात थर एकमेकांवर चिकटवून तळ दाखवला आहे आणि हे काम नेटके झाले आहे. बोट फिरवले की पूर्वेचे आणि पश्चिमेचे खोरे वेगळे जाणवते व मधोमध बेटांचा उथळ उंबरठा लागतो. सर्वाधिक खोली १०६ मीटर असली, तरी सरासरी जेमतेम २७ मीटर आहे. म्हणूनच फिक्या निळ्या थरांनी बरीच जागा व्यापलेली दिसते. क्षेत्रफळ सुमारे ५,६५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक, हे शेजारच्या नातवाला सांगितल्यावर तो यात आपले फुटाळा तलाव किती मावतील याचा हिशेब करत बसला.

माझी तक्रार नैर्ऋत्येच्या कडेबद्दल आहे. उत्तरेकडून येणारी क्लार नदी कोरली आहे. पण फळी व्हेनर्सबोर्ग शहरापाशीच कापल्यामुळे सरोवराचे पाणी समुद्राकडे नेणारी योता नदी नकाशात नाहीच. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन उचलली गेली आणि समुद्राशी जोडलेला हा भाग तुटून गोड्या पाण्याचे सरोवर झाला. आज त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४४ मीटर उंच आहे. ही उंची योता नदी गॉथेनबर्गपर्यंत उतरते, त्यातील सुमारे ३२ मीटर एकट्या ट्रोलहेटानच्या धबधब्यांत. तिथे अडणाऱ्या बोटींना १८०० साली लॉकच्या (दरवाजे बंद करून पाण्याची पातळी चढवत-उतरवत बोटी पुढे नेणाऱ्या हौदांच्या) कालव्याने वाट मिळाली, १८३२ साली पूर्ण झालेल्या योता कालव्याने सरोवर पूर्वेकडे बाल्टिकशी जोडले आणि १९१० पासून त्याच धबधब्यांच्या पाण्यावर वीज होऊ लागली. नदीच नसेल तर यातले काय दाखवणार? विक्रेत्याचे उत्तर आले की नदीमुळे चौकट बेढब दिसते.

आणखी एक सूचना म्हणजे हा नकाशा कूलरसमोरच्या भिंतीवर लावू नये. मे महिन्यात आमच्याकडे ओल धरून त्याचा डावा कोपरा सुटला, तो फेव्हिकॉलने बसवावा लागला.

शोभेची वस्तू म्हणून पैसे वाया गेले असे म्हणणार नाही; शिकवण्यासाठी घेणाऱ्याने मात्र कडा पाहून घ्यावी. मी खाली पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून योता नदी पेन्सिलीने काढली आहे आणि ट्रोलहेटानच्या जागी लाल टाचणी टोचली आहे.