जुन्या हार्डटेलला नवे गिअर: डिओर १०, क्यूज की थेट १२?

हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक; डिओर आणि क्यूज हे शिमानो कंपनीचे गिअरचे संच, आणि १०, १२ हे मागच्या गिअरांचे आकडे. आधी मागचं चाक तपासा. सात गिअरच्या स्वस्त सायकलींना बहुतेकदा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. तिथे कॅसेट, म्हणजे सरकवून बसवायचा मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बसतच नाही, चाक बदलावं लागतं. आठ-नऊ गिअरचं शिमानो एचजी फ्रीहब (कॅसेट ज्यावर सरकते तो चाकाचा मधला भाग; एचजी हा त्याच्या खाचांचा प्रकार) असेल तर मात्र तिन्ही वाटा मोकळ्या आहेत.

माझा कौल डिओर १० ला. एम४१०० शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), ११-४६ कॅसेट (सर्वांत लहान चकतीला ११ दात, सर्वांत मोठीला ४६), एम५१२० डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग). एम४१२० डिरेलरही चालतो, पण त्यात क्लच, म्हणजे चेन ताठ ठेवणारी यंत्रणा, नाही. समोर एकच चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) ठेवून दगडधोंड्यांतून उतरायचं तर चेन जागेवर राहायला क्लच हवाच. जुना नऊ गिअरचा डिरेलर ठेवून पैसे वाचवू नका: शिमानोने दहा गिअरच्या संचापासून माउंटन बाइकचं केबल ओढण्याचं माप बदललं, त्यामुळे गिअर जागेवर बसत नाहीत.

२०२३ मध्ये आलेल्या क्यूजची कॅसेटही एचजीवरच बसते. तिचे दात जाड आहेत आणि ती तिप्पट टिकते, असं शिमानो सांगते. पावसाळाभर चिखलात सायकल घालणाऱ्याने हीच घ्यावी. वजन जास्त, आणि डिओरशी सरमिसळ चालत नाही: शिफ्टर, डिरेलर, कॅसेट तिन्ही क्यूजचेच हवेत.

बाराचा मोह मी टाळेन. डिओर एम६१०० च्या १०-५१ कॅसेटला मायक्रो स्प्लाइन नावाचं, वेगळ्या खाचांचं फ्रीहब लागतं. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या एनएक्स ईगलची ११-५० एचजीवर बसते खरी, पण चकत्या इतक्या जवळ की हँगर (फ्रेमवर डिरेलर टांगायचा तुकडा) किंचित वाकला तरी गिअर अडखळतात.

खरा हिशेब क्रँकचा, म्हणजे पॅडलच्या दांड्या आणि समोरच्या चकत्यांचा आहे. समोरच्या जुन्या ४२-३२-२२ दातांच्या तीन चकत्या आणि मागची ११-३४ यांमध्ये सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५ (आकडा लहान तितका गिअर हलका). समोर ३२ आणि मागे ४६ केलं की ०.७०, सिंहगडाच्या घाटात हा फरक मांड्यांना कळतो. ३० लावली की पुन्हा ०.६५. पण चार बोल्टांच्या, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी असलेल्या क्रँकवर साधारणपणे ३२ पेक्षा लहान चेनरिंग बसत नाही, आणि स्वस्त क्रँकच्या चकत्या तर रिव्हेट केलेल्या असतात. तेव्हा ३० हवी तर नव्या क्रँकचे पैसे आधीच बाजूला काढा. बदल्यात वेग जातो: २९ इंची चाकावर मिनिटाला ९० पॅडल मारले तर ४२-११ वर ताशी ४७ किलोमीटर मिळत, ३०-११ वर ३४. रोज हमरस्त्याने लांब जाणार असाल तर समोरच्या तीन चकत्या काढूच नका. फक्त चेन आणि कॅसेट नवी घाला.