मोहन बागान की मुंबई सिटी? नाशकात बसून निवडताना

इंदिरानगरच्या फुटबॉल टर्फवर रात्रीचा शेवटचा स्लॉट संपला की पोरं बुटांच्या नाड्या सोडत अर्धा तास वाद घालत बसतात. परवा भाच्यानं मलाच त्यात ओढलं. "मामा, आता आपल्या देशातला एक क्लब धरायचाय. मोहन बागान की मुंबई सिटी? मोठा कोणता?" तिथं घाईत दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नाही. आणि हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे आधी ट्रॉफ्या मोजतात, तर तो हिशेब आधी उरकू. कोलकात्याचा बागान २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये आला. तिथं साखळीत पहिल्या येणाऱ्याला शील्ड मिळते आणि शेवटची फायनल जिंकणाऱ्याला कप. तेव्हापासून २०२५ पर्यंत दोघांच्या नावावर दोन-दोन शील्ड आणि दोन-दोन कप आहेत. मुंबईनं २०२०-२१ मध्ये दोन्ही उचलले, पुढे २०२२-२३ ची शील्ड आणि २०२३-२४ चा कप. बागाननं २०२२-२३ चा कप, २०२३-२४ ची शील्ड आणि २०२४-२५ मध्ये दोन्ही. म्हणजे चक्क बरोबरी. आयएसएलच्या आधीचं धरलं तर बागानकडे तीन वेळची राष्ट्रीय लीग आणि तिच्याजागी आलेली आय-लीग दोन वेळा आहे, आणि तेव्हा मुंबई सिटी एकतर जन्मालाच आलेली नव्हती किंवा वेगळ्या स्पर्धेत खेळत होती. तिचा जन्म २०१४ चा, बागानचा १८८९ चा. वयाच्या जोरावर मोठेपणा द्यायचा असेल तर प्रश्न तिथंच मिटतो, पण नुसतं वय मला पुरेसं वाटत नाही.

जुन्या नाशकातल्या माणसाला रहाडीवरून हे लगेच कळेल. रंगपंचमीला तिवंधा चौकातली, दिल्ली दरवाजाची, शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगात उडी मारायचा जमिनीतला हौद, उघडते. एरवी तो हौद लाकडं आणि मातीखाली बुजलेला असतो, वरून दुचाक्या जातात. तरी कुणाला त्याची जागा शोधावी लागत नाही. रहाड किती लांब-रुंद आहे हे कुणी विचारत नाही. पूजेचा मान कुणाकडे आणि पहिली उडी कुणाची, यावर मात्र गल्ली जागी असते. क्लबचं मोठेपण मी असंच बघतो. तो बुजलेला असताना किती जणांच्या लक्षात राहतो?

बागानकडे या प्रश्नाचं उत्तर आहे. २९ जुलै १९११ ला कोलकात्यातल्या आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धेच्या फायनलला समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट होती आणि बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी. आधी गोल खाल्ला, मग कप्तान शिबदास भादुरीनं बरोबरी साधली आणि सामना संपत आला असताना अभिलाष घोषनं दुसरा मारला. गोऱ्यांच्या पलटणीला हरवून शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. कोलकात्यात तो दिवस आजही साजरा होतो.

मला मात्र १९११ पेक्षा अलीकडची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबशी एकत्र आल्यावर क्लबचं नाव 'एटीके मोहन बागान' झालं. एटीके तीन वेळा आयएसएल जिंकलेला होता (ते कप मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत). पैसा आला, चांगले खेळाडू आले, संघ जिंकू लागला. तरी समर्थक 'रिमूव्ह एटीके' म्हणत राहिले, तीन वर्षं. २०२३ च्या मार्चमध्ये संघानं कप जिंकला त्याच रात्री मालकांनी ती अक्षरं काढत असल्याचं जाहीर केलं. जिंकत असतानाही समर्थक नावासाठी मालकाशी भांडतात आणि मालकाला ऐकावं लागतं, याहून मोठा क्लब मला तरी दाखवता येणार नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याच जवळचं. ज्या महिंद्राच्या गाड्या इथं सातपूरला बनतात, त्यांचा महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. देशाचा विजेता संघ चार वर्षांत गेला आणि त्याच्यासाठी रस्त्यावर उतरणारे फार कुणी नव्हते. ट्रॉफी होती, मुळं नव्हती.

मुंबई सिटीची मुळं किती खोल आहेत, हे अजून ठरायचंय. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं ६५ टक्के हिस्सा घेतल्यावर खेळ सुधारला हे खरं. २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जवियाला २-१ नं हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब तोच ठरला, आणि ते बागानलाही जमलेलं नव्हतं. पण अंधेरीचं मैदान जेमतेम सात-आठ हजारांचं. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून जास्त माणसं बसतात.

२०२४ च्या वसंतात हे दोघे त्याच सॉल्ट लेकवर दोनदा भिडले. १५ एप्रिलला बागाननं २-१ नं जिंकून शील्ड नेली. ४ मेच्या फायनलला मी ओझरच्या एचएएल कॉलनीत एका बंगाली स्नेह्यांकडे होतो. वहिनींनी कोळंबी केली होती. बागानवाल्यांची कोळंबी, ईस्ट बंगालवाल्यांची हिलसा, हे त्यांच्याकडचं गणित. मध्यंतराआधी बागानच्या कमिंग्सनं गोल केला तेव्हा वाढायला सुरुवात झाली. मग मुंबईचे परेरा डियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी वोइटुश. मुंबई ३-१. ताटं तशीच राहिली. निघताना पाहिलं, गॅलरीच्या गजाला हिरवा-मरून झेंडा बांधलेला, मरून पट्टा उन्हानं विटकरी झालेला. स्नेही फक्त त्याची सुटलेली गाठ पुन्हा आवळत होते.

म्हणून मोठा कोणता याचं माझं उत्तर मोहन बागान. त्यात मला शंका नाही.

तुमचा कोणता, हा प्रश्न वेगळा. नाशिक रोडहून हावड्याला गाडीत एक दिवसाहून जास्त जातो. बागानचे सामने तुम्ही बहुतेक पडद्यावरच बघणार. अंधेरी गाठता येते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं दादर, तिथून लोकल. परतीचं मात्र आधी ठरवा, कारण संध्याकाळची पंचवटी रात्रीच्या सामन्याआधीच सुटलेली असते. शेवटच्या शिट्टीनंतर कल्याण गाठायचं आणि रात्रीची एखादी मेल धरायची, किंवा चौघांनी मिळून गाडी काढायची. घरात कुणी बागानचं असेल, किंवा इतिहासानं अंगावर काटा येत असेल, तर दुसरीकडे बघूच नका. पण ज्याला उभं राहून घसा फोडायचाय, त्यानं मुंबई सिटी धरावी. लहान मैदानात खेळाडूंची एकमेकांना मारलेली हाकसुद्धा ऐकू येते, आणि ज्या क्लबची मुळं अजून धरायची आहेत तिथं दर सामन्याला येणारा नाशिकचा एक पोरगा मोजला जातो.

भाचा सोळा वर्षांचा आहे, घरात बंगाली कुणी नाही आणि घसा उत्तम आहे. त्याला फिकट निळा शर्ट घेऊन देतोय. ओझरच्या स्नेह्यांना अजून सांगितलेलं नाही.