पिस्टन बसवताना तिथून हलू नका

आमची फायबरची होडी देवगडला असते. तिला मागे बाहेरून लावायचं ९.९ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मे महिन्यात इंपेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारा पंखा, झिजून इंजिनला पाणी मिळेनासं झालं आणि वरचा पिस्टन जाम झाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, तेवढ्यात काम उरकेल म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडे इंजिन टाकलं.

सिलिंडरला ओरखडे आहेत, बोअर करून, म्हणजे आतून कातून रुंद करून, ०.५० मिलिमीटर मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन घालावा लागेल, असं तो म्हणाला. अगदी बरोबर म्हणाला. त्याला काम येत होतं, म्हणूनच माझा राग जात नाही. सगळे मिळून १६ हजार घेतले, पावती म्हणून कोऱ्या कागदावर नुसता आकडा. "काळजी करू नकात, ओरिजिनल घातलंय, बिनघोर जावा."

नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या फेरीला, जाळी घेऊन परतताना, आत खणखण वाजलं आणि इंजिन बंद. स्टार्टरची दोरी जागची हलेना. थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी पिचकारी तर शेवटपर्यंत नीट होती. मुलगा सोबत, वारा वाढलेला. दोन तास वल्ही मारली, मग एका ट्रॉलरने दोर टाकला.

दुसऱ्या मिस्त्रीने माझ्यासमोर इंजिन पूर्ण उघडलं. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर मापाचा आकडा असतो. काजळी पुसून पाहिली, आकडा नाही. स्टँडर्ड मापाचा, तोही वापरलेला, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला. सिलिंडर बोअरला गेलाच नव्हता. जुने उभे ओरखडे तसेच. बोअरनंतर होनिंग, म्हणजे दगडाने घासणं, केलं की भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते, तिचा पत्ता नाही. सर्वांत वाईट म्हणजे पिस्टनची पिन जागेवर धरणारी लॉकं. ती एकदा काढली की टाकून द्यायची असतात, नवी अगदी स्वस्तात मिळतात. त्याने जुनीच दाबून बसवली. एक सुटलं, पिन सरकली आणि भिंतीत नख अडकेल एवढा चर पडला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आधी नवा पिस्टन मोजतात, मग त्याच्या मापाने बोअर करतात. माझा ब्लॉक 'लेथवर गेलाय' आणि पिस्टन 'अजून यायचाय', असं तो आठवडाभर सांगत होता आणि मी मान डोलवत होतो.

हात जोडून सांगतो, पिस्टन तुमच्यासमोर खोक्यातून निघू द्या. आकडा वाचा. डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना बघा, उलटा बसला तर रिंगांची टोकं पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांत, अडकून तुटू शकतात. जुना पिस्टन, रिंगा, लॉकं परत मागा. माझी 'भंगारात गेली' होती.

जाब विचारायला गेलो तर म्हणतो, तुम्ही तेल कमी घातलंत. नव्या पिस्टनसाठी पेट्रोलमध्ये दुप्पट तेल घाला, हे त्यानेच सांगितलेलं, आणि मी तेवढंच घातलं होतं. पण कागदावर काहीच नाही.

ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरला आतून नवी नळी, बसेल का, ते बघायला दिलाय. होडी वाळूवर आहे, आणि मुलगा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातोय.