सदाशिव पेठेतली अभ्यासिका + टेस्ट सिरीज: तक्ता भारी, पोस्टरं बोगस

तक्रारी आहेत म्हणून नाव टाकत नाहीये. पुण्यातली अभ्यासिका आणि एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेची टेस्ट सिरीज असं पॅकेज आहे. खुर्च्या ठीक, लाईट चांगला, पाण्याचा कूलर दुपारी हमखास रिकामा, फोनवर बोलणाऱ्यांना कोणी हटकत नाही.

पैसे वसूल होतात ते टेस्टनंतरच्या तक्त्यात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायचं, माहीतच नव्हतं, नीट वाचला नाही, तुक्का मारला, वेळ संपला, काय असेल ते. ‘पेपर अवघड होता’ किंवा ‘नशीब’ लिहिलं की सर तक्ता परत देतात. माझी रूम पार्टनर सारखी म्हणायची पॉलिटी (राज्यघटनेचा विषय) माझ्या नशिबातच नाही, आणि तक्ता भरायला बसली तर प्रश्नपत्रिकेवर आधी बरोबर ऑप्शनला टिक, मग ती खोडलेली आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर भलताच गोल काळा, असं पानोपानी. चार चुकांना एका बरोबर उत्तराचे मार्क जातात, म्हणजे केवढ्याला पडलं बघा. आता टिक खोडायच्या आधी थांबते तरी.

मी बीएला सायकॉलॉजी केलंय म्हणून सांगते, याला लोकस ऑफ कंट्रोल म्हणतात, म्हणजे आपलं बरंवाईट आपल्या करण्याने होतं की नशीब-वशिल्याने, यातलं माणूस काय धरून चालतो ते. रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ ला त्याची प्रश्नावली छापली आणि त्याच वर्षी अमेरिकेत कोलमन रिपोर्ट आला, लाखो शाळकरी पोरांची पाहणी. शाळेतल्या सोयींपेक्षा ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ या भावनेचा मार्कांशी जास्त संबंध दिसला, काळ्या पोरांमध्ये तर खासच. अर्थात मार्क पडले की ही भावना वाढते असंही असणार.

पण म्हणून अभ्यासिकेत भिंतभर ‘सगळं तुमच्याच हातात आहे’ अशी पोस्टरं कशाला? काय सगळं? मार्च २०२१ ला पूर्व तीन दिवसांवर आली आणि पुढे ढकलली, पोरं शास्त्री रोडवर उतरली. ऑगस्ट २०२४ ला आयबीपीएसच्या बँक भरतीच्या परीक्षेशी तारीख क्लॅश, परत आंदोलन, पेपर झाला थेट १ डिसेंबरला. तेवढे महिने रूमभाडं आणि मेसचे पैसे घरून मागवायचे, वर पोस्टर सांगणार कमी पडलास तो तूच. मी सरांना म्हटलं तक्त्यात ‘हातात नव्हतं’ असा पण एक रकाना टाका, तर म्हणाले मग सगळे तोच भरतील. तेही खरंय म्हणा.

टेस्ट सिरीजला चार स्टार, अभ्यासिकेला अडीच. नुसती टेस्ट सिरीज वेगळी मिळते, काउंटरवाला आधी नाही म्हणतो, सरांना विचारा.